अर्धा गुण

आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी.कॉम., तेही नोकरी सांभाळून पुरे केलेले. संगणकाच्या भाषेवर चार ओळी लिहाव्यात एवढा आमचा अधिकार नाही. तरीही लिहीत आहोत, कारण त्या भाषेत झालेल्या एका बदलामुळे आमच्याच हातून घडलेला एक अन्याय उघडकीस आला. तो लपवून ठेवणे मनाला पटेना. ज्यांच्या घरची मुले आज संगणक शिकत आहेत आणि ज्यांच्या घरी तो अजून पोहोचलेला नाही, अशा दोघांनीही हे वाचावे.

आमच्या वस्तीत संध्याकाळी अभ्यासिका चालते. दरवर्षी दहावीच्या मुलांची सहा विषयांची सराव परीक्षा आम्ही घेतो. प्रत्येक विषयाला शंभर गुण. पहिल्या पाच मुलांना पुढच्या प्रवेशासाठी व पुस्तकांसाठी प्रत्येकी दोन हजार रुपये वर्गणीतून दिले जातात. रक्कम मोठी नाही. पण ज्या घरात महिनाअखेरीस पिठाचा डबा खडखडतो, त्या घराला दोन हजार म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

पूर्वी यादी आम्ही हाताने करीत असू. त्यावरून कुरबुर होई. ‘अमक्याचा भाचा म्हणून घेतला’ असे टोमणे ऐकावे लागत. म्हणून २०१२ साली अभ्यासिकेतच शिकून पुढे गेलेल्या एका मुलाकडून आम्ही संगणकाचा प्रोग्रॅम लिहून घेतला. एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक मिळाला होता. त्यावर गुण भरायचे, यंत्राने सरासरी काढायची आणि क्रमाने यादी छापायची. सरासरी सारखी आली तर ज्याचा अर्ज आधी, त्याचे नाव वर. यादीत फक्त नाव व सरासरी छापावी, पसारा नको, असे आम्हीच सांगितले होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

२०१६ साली यादी लागली तेव्हा एक बाई आमच्याकडे आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. म्हणाल्या, “भाऊ, माझ्या पोरीचे मार्क जास्ती हायेत. तिनं मैत्रिणीसंगं बेरीज करून बघितलीय. मंग पाचवा नंबर तिचा का न्हाई?” आम्ही यादी दाखविली. दोघींची सरासरी ६९. दुसऱ्या मुलीचा अर्ज दोन दिवस आधीचा. आम्ही म्हणालो, “ताई, हे आम्ही नाही काढलं, कॉम्प्युटरनं काढलंय. तो कुणाचा सगा नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि गेल्या. आमचे म्हणणे त्यांना पटले, अशी आम्ही आमच्या मनाची समजूत घातली.

२०२२ साली तो जुना संगणक बंद पडला. नवा घेतला. प्रोग्रॅमची प्रत पेन ड्राइव्हवर होती. ती चालवायला घेतली तर पहिल्याच पायरीला यंत्र अडून बसले. आमची पुतणी संगणकशास्त्राच्या पदवीला आहे. तिला बोलाविले. तिने पडद्यावर नजर टाकली आणि हसून म्हणाली, “काका, हा प्रोग्रॅम पायथॉन दोनमधला आहे. तुमच्या नव्या मशीनवर पायथॉन तीन आहे. दोघांची भाषा एकच, पण आता एकमेकांचं सगळंच कळत नाही.”

मग तिने आम्हाला जे समजावून सांगितले, ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो.

पायथॉन ही संगणकाला हुकूम देण्याची भाषा. नेदरलँड्स देशातील गिडो व्हॅन रॉसम या गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती लिहायला घेतली व १९९१ साली लोकांपुढे ठेवली. नाव ऐकून अजगर डोळ्यांपुढे येतो, पण ते घेतले आहे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘माँटी पायथॉन’ या विनोदी कार्यक्रमावरून. ही भाषा वापरायला पैसा पडत नाही. शिकायला सोपी, म्हणून जगभर पसरली. तिची दुसरी आवृत्ती २००० साली आली. मात्र सुरुवातीला घेतलेले काही निर्णय पुढे चुकीचे वाटू लागले. ते दुरुस्त करावेत तर जुने प्रोग्रॅम मोडणार, न करावेत तर चूक पिढ्यान्‌पिढ्या चालू राहणार. अखेर ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी आवृत्ती काढली, ती जुने काही मोडेल हे उघडपणे मान्य करूनच. लोकांना बदलायला सवड मिळावी म्हणून दुसरी आवृत्तीही सांभाळणे चालू ठेवले. ती मुदत आधी २०१५ पर्यंत होती, ती २०२० पर्यंत वाढविली. १ जानेवारी २०२० ला जुनीचा आधार संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिची शेवटची दुरुस्त प्रत निघाली. आमच्या मुलाने २०१२ साली प्रोग्रॅम लिहिला तेव्हा नवी आवृत्ती येऊन चार वर्षे होत आली होती. पण त्याच्या हाती आलेले पुस्तक जुन्या आवृत्तीचे होते. ज्याला जे पुस्तक मिळते, तो त्यातूनच शिकतो.

पुतणीने दुरुस्ती सुरू केली. पहिली अडचण अगदी किरकोळ. ‘प्रिंट’ म्हणजे छाप. जुन्या भाषेत प्रिंट लिहून पुढे मजकूर लिहिला की भागत असे. नव्या भाषेत तो मजकूर कंसात घालावा लागतो. कंस घातले, गाडी पुढे सरकली.

दुसरी अडचण गमतीची. आम्ही गुण भरले आणि एकूण गुणांच्या जागी बारा आकडी संख्या आली! आम्ही घाबरलोच. पुतणी म्हणाली, “काका, जुन्या भाषेत ‘इनपुट’ म्हटलं की टाइप केलेली गोष्ट मशीन हुकूम समजून सोडवायचं. ७२ टाइप केलं की ती संख्याच व्हायची. पण कुणी मुद्दाम वाकडा हुकूम टाइप केला तर तोही पाळला जायचा. म्हणून नव्या भाषेत टाइप केलेलं सगळं आधी नुसता मजकूर धरतात. संख्या हवी तर तसं सांगायचं.” म्हणजे यंत्राने ७२ आणि ६८ यांची बेरीज न करता ते शेजारी शेजारी मांडले होते, ७२६८. आमच्या कचेरीतही दाराशी आलेला कागद आधी तपासून मगच नोंदवतात. हा बदल आम्हाला चटकन पटला.

तिसरा बदल पाहून आनंद वाटला. आमची यादी इतकी वर्षे इंग्रजी अक्षरांत लागत असे, कारण मराठी नावे घातली की चौकोन नाहीतर भलतीच चिन्हे उमटत. जुन्या भाषेत मराठीची सोय होती, पण वेगळी खूण लावावी लागे आणि आमच्या मुलाला ती ठाऊक नव्हती. नव्या भाषेत साधा मजकूर म्हणजेच युनिकोड, ज्यात जगातील लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक दिले आहेत. पुतणीने ‘आई’ हा शब्द दिला आणि अक्षरे मोजायला लावली. उत्तर आले २. जुन्या भाषेत खूण न लावता मोजली असती तर ६ आली असती, कारण ती अक्षरे न मोजता ती साठवायला लागणारे तुकडे मोजत असे आणि आपल्या एकेका अक्षराला असे तीन तुकडे लागतात. नवीही अगदी आपल्यासारखी मोजत नाही. काना-मात्रा ती वेगळ्या धरते, ‘माती’ची अक्षरे चार सांगते. तरी नावे शुद्ध उमटली. एवढेच नव्हे, पुतणीने प्रोग्रॅमच्या आतही ‘एकूण’ आणि ‘सरासरी’ अशी मराठी नावे वापरली व यंत्राने ती मान्य केली. त्या क्षणी आमच्या मनात आले, २०१६ च्या त्या ताईंना इंग्रजी यादी वाचता तरी आली होती का? आम्ही बोट ठेवले तिथे त्यांनी पाहिले, एवढेच.

चौथा बदल मात्र आमच्या जिव्हारी लागला.

पुतणी पद्धतशीर मुलगी. म्हणाली, “जुने गुण भरून बघू. याद्या तशाच आल्या पाहिजेत.” कागद जपून ठेवणे ही आमची कारकुनी खोड. २०१२ पासूनच्या सगळ्या गुणनोंदी वहीत होत्या. २०२० व २०२१ ला परीक्षा झाली नव्हती, म्हणजे आठ याद्या. सात जुळल्या. २०१६ ची जुळेना. पाचव्या क्रमांकावर दुसरेच नाव आले. सरासरी ६९.५. आणि आम्ही जिला पैसे दिले होते, तिची ६९.

आम्ही वही काढली. त्या बाईंच्या मुलीचे एकूण गुण ४१७, दुसरीचे ४१४. ४१७ भागिले ६ म्हणजे ६९.५. मग जुन्या यंत्राने ६९ कसे सांगितले? पुतणी म्हणाली, “पायथॉन दोनमध्ये दोन्ही संख्या पूर्ण असतील तर भागाकारही पूर्णच यायचा. सात भागिले दोन, उत्तर तीन. वरचा अर्धा टाकून द्यायचा आणि कुणाला सांगायचंही नाही. पण तेच सात दशांशचिन्ह लावून लिहिलं, की साडेतीन.” ही खोड धोक्याची आहे हे त्या भाषेच्या कर्त्यांनाही कळले होते. २००१ सालीच तसा लेखी प्रस्ताव मांडला गेला आणि ज्याला हवा त्याला एक ओळ लिहून नवा भागाकार आधीच वापरण्याची मुभा मिळाली. तिसऱ्या आवृत्तीत तो सर्वांना लागू झाला. आता सात भागिले दोन म्हणजे साडेतीनच. अर्धा टाकायचाच असेल तर भागाकाराची तिरपी रेघ दोनदा ओढावी लागते. टाकण्याला बंदी नाही, पण टाकणाऱ्याने तसे स्पष्ट लिहायचे.

यात यंत्राला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. एकूण गुणही छापले असते तर ४१७ आणि ४१४ कुणालाही दिसले असते. ‘पसारा नको’ म्हणणारे आम्हीच. आणि एक आई स्वतःच्या पोरीची बेरीज घेऊन दारात आली तेव्हा वही उघडायला पाच मिनिटे लागली असती. तीही आम्ही दिली नाहीत.

पुतणीने विचारले, “काका, सरासरी गोल आकड्यात करून देऊ?” आम्ही हो म्हणणार होतो. तेवढ्यात तिने दाखविले की जुन्या भाषेत अडीच गोल केले की तीन येत, नव्या भाषेत दोन येतात. नव्या भाषेत बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातात. ६८.५ चे ६८, ६९.५ चे ७०. दरवेळी वरच ढकलले तर मोठ्या बेरजेत फुगवटा येतो, म्हणून ही रीत. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच, पण आमच्या यादीत त्याने नवा घोळ झाला असता. म्हणून आता एकूण गुण व दोन दशांशांपर्यंत सरासरी, दोन्ही मराठीत छापतो. नवी आवृत्ती म्हणजे सगळेच आपोआप ठीक, असे नसते.

त्या रविवारी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. मुलगी घरीच होती. तिने त्या वर्षी जुनी पुस्तके मागून आणून वेळ निभावली होती. पुढे शिकून ती एका प्रयोगशाळेत रक्ततपासणीच्या कामाला लागली आहे. आम्ही वही उघडून सगळे सांगितले आणि म्हणालो, “चूक आमची झाली.” मुलगी म्हणाली, “आमच्याकडं अर्ध्या पॉइंटवरून माणूस आजारी का बरा ते ठरतं, काका.” रागाने नाही बोलली. पण आम्हाला मान वर करवेना.

तिची आई म्हणाल्या, “भाऊ, मी तवाच सांगितलं व्हतं.”

अभ्यासिकेच्या बैठकीत ठराव करून दोन हजार रुपये आम्ही बरोबर नेले होते. वाटले होते, त्या नको म्हणतील. त्या नको म्हणाल्या नाहीत. नोटा दोनदा मोजल्या, पावतीवर स्वतःच्या हाताने सही केली आणि मगच चहा ठेवला. ते त्यांनी योग्यच केले. ते पैसे त्यांच्या मुलीचे होते, सहा वर्षे उशिरा मिळालेले.

बंधू-भगिनींनो, रेशन, पगार, दाखला, शिष्यवृत्ती, आज सगळेच यंत्रातून येते. खिडकीपलीकडचा माणूस म्हणेल, ‘कॉम्प्युटर सांगतो.’ तेव्हा गप्प परतू नका. आकडा कसा आला ते विचारा, बेरीज घरी करून जा. आणि खिडकीच्या आत आपल्यापैकीच कुणी बसले असेल, तर त्याने वही उघडावी.