शेंडेनक्षत्र आणि लेकीचा साखरपुडा



२०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, त्सुचिनशान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. जवळ म्हणजे तरी सात कोटी किलोमीटरवर! पुढे काही दिवस तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. आपली जेवणं दिवस मावळण्याआधी उरकलेली, त्यामुळे गच्चीवर जायला वेळ भरपूर.

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. तोही ग्रहांसारखा सूर्याभोवतीच फिरतो. फक्त त्याची वाट गोलसर नसून काकडीसारखी लांबुळकी असते आणि सूर्य तिच्या एका टोकाजवळ असतो. दूर असताना चाल संथ, सूर्याजवळ आला की वेगवान. हॅलेचा धूमकेतू दूरच्या टोकाला सेकंदाला जेमतेम एक किलोमीटर चालतो, सूर्याजवळ सुमारे ५४. उन्हानं बर्फाची वाफ होते, धूळ उडते, तीच शेपटी. ती कायम सूर्याच्या उलट दिशेला असते. म्हणून परतताना शेपटी पुढे आणि धूमकेतू मागे!

एडमंड हॅले यांनी १५३१, १६०७ आणि १६८२ च्या नोंदी एखाद्या खतावणीसारख्या ताडून पाहिल्या. तिन्ही वेळा आलेला पाहुणा एकच, तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल, असं त्यांनी १७०५ मध्ये लिहिलं. ते १७४२ मध्ये वारले. धूमकेतू १७५८ च्या नाताळात दिसला. १९८६ मध्ये तो येऊन गेला. डिसेंबर २०२३ मध्ये नेपच्यूनच्याही पलीकडून वळला. आता २०६१ मध्ये येईल.

आमच्या परभणीत मात्र त्या दसऱ्याला एका घरी ठरत आलेला साखरपुडा थांबला. "शेंडेनक्षत्र निघालंय, दिवाळीनंतर बघू," असं वडीलधारे म्हणाले. तेवढ्यात मुलाकडच्यांनी दुसरीकडे जमवलं. दोष पुन्हा शेंडेनक्षत्रालाच!

ज्याचं येणं पन्नास वर्षं आधी मांडता येतं, त्याचं आपल्या लेकीशी काय वैर? सुख-दुःख दुसरं कोणी देत नाही, उदयाला येतं ते आपलंच कर्म, हे आपण रोज ऐकतो. मग आकाशातल्या बर्फाला का भ्यावं? भ्यायचंच तर आपल्या क्रोधाला, मानाला, मायेला, लोभाला भ्यावं.

पुढचा धूमकेतू दिसेल तेव्हा लेकी-सुनांना, नातवंडांना गच्चीवर न्या. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथाही त्यांच्याकडून जरूर वाचून घ्या.