हेल

मणिबेलीच्या जीवनशाळेकडे चढ चढताना एका मुलीच्या धडा वाचण्याचा आवाज कानावर आला आणि मी थबकले. शब्द कळत नव्हते, नुसती चाल येत होती. वाक्याचा शेवटचा स्वर ताणून वर न्यायचा आणि तिथेच लोंबकळत सोडायचा. चाळीस वर्षांपूर्वी घाटावरच्या आमच्या वर्गात अगदी हाच हेल होता. हा हिला कोणी शिकवला?

माझी आजी वाचायला शिकली ती पोथीवर. त्यामुळे वाचायचं ते चालीतच, असा तिचा कायमचा समज. दुपारी चष्म्याची दोरी कानाला अडकवून ती वर्तमानपत्र उघडायची आणि ‘लासलगावी कांदा वधारला’ हे अध्याय लावल्यासारखं म्हणायची. मंत्र्याचा दौरा, हरवलेली म्हैस, सिनेमाची जाहिरात, सगळं एकाच चालीत. आम्ही नातवंडं तोंडात पदर कोंबून हसायचो, पदर अर्थात तिचाच. निधनवार्तेपाशी मात्र चाल कधीकधी तुटायची. नाव ओळखीचं निघालं, की बोट ओळीवर तसंच ठेवून ती गप्प व्हायची. मग साध्या, घरच्या आवाजात आईला म्हणायची, ‘अगं, ही तर आपली शिंप्याची काकू!’

शिक्षकांच्या टाचणात ‘आरोह-अवरोहासह प्रकट वाचन’ असं लिहिलेलं असतं. त्याचं वक्तृत्व स्पर्धेतलं रूप, हातवारे आणि डोळे वटारणं, मला सोसत नाही. त्यापेक्षा हेल बरा. मोडी लिपीत तर शब्दही तोडत नसत. श्वास कुठे घ्यायचा ते अर्थावरून ठरवा. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीने मराठीत विरामचिन्हं रुजवली आणि आपण टिंब बघून थांबायला लागलो.

जीवनशाळेतल्या या मुलीच्या घरी भिली बोलतात. ज्या भाषेत कधी कडकडून भांडलो नाही, तिच्यातलं उद्गारचिन्ह वाचायचं कसं? आवाजाची वाण तर इथे मुळीच नाही. या डोंगरांत नर्मदेच्या जन्माची गाथा पुस्तकाविना रात्रभर गातात. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं गेलेलं गाव हेच मणिबेली, 1993 साली. नर्मदा बचाओ आंदोलनाने 1992 पासून या काठांवर जीवनशाळा काढल्या. तिथली मुलं ‘लढाई-पढाई साथ साथ’ म्हणतात तेव्हा श्वास नेमका कुठे तोडायचा, हे त्यांना सांगावं लागत नाही.

मी दारात पोचले तेव्हा धड्यात मगर आली होती, तीही हेलातच. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि मुलीला तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. ती उभी राहिली, एकदा खिडकीबाहेरच्या पाण्याकडे बघितलं आणि आवाज इतका खाली नेला, की मागच्या रांगेतली पोरं बसल्या जागेवरून पुढे सरकली. मला एक अक्षर कळलं नाही. मगर मात्र कुठवर आलीय ते कळत होतं.

बाहेर जेवणाची ताटं वाजायला लागली. कोणी उठलं नाही.