१२८ बाइटांचा चेंडू

मामांनी परदेशाहून आणलेला अटारी फ्रीगंजातील आमच्या घरी आला, तेव्हा वडिलांनी त्यास पोरखेळ ठरविले. संगणकाच्या नोकरीत शिरल्यावर आम्हीही तसेच मानीत होतो. निवृत्तीनंतर त्याच यंत्रासाठी एक चेंडू हलवावयास बसलो आणि आमचा गर्व उतरला. १९७७ सालच्या अटारी २६०० ची स्मृती अवघी १२८ बाइट; हे वाक्यसुद्धा तीत मावणार नाही. सबंध चित्र साठविण्यास जागाच नाही. दूरचित्रवाणीचा किरण पडद्यावर एक ओळ रेखी, तेवढ्यात, प्रोसेसरच्या ७६ आवर्तनांत, पुढील तजवीज करावयाची. क्षण चुकला की आकृती विस्कटे. तीन आठवड्यांनी चेंडू सरळ गेला. नव्वदीतल्या वडिलांनी चष्मा पुसून पाहिले आणि विचारले, "भिंतीवरून परत का येत नाही?"