घुंगरू गप्प होते

अमौसी विमानतळावर उतरणारा मराठी पाहुणा इमामबाडा पाहतो, चिकनचे कुर्ते घेतो. पं. भातखंड्यांनी १९२६ साली लखनौत उभारलेले संगीत महाविद्यालयही हौशीने पाहतो. एका जुन्या पुस्तकाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

१८७४ मध्ये दरोगा अब्बास अली यांनी लखनौच्या नामांकित गायिका-नर्तकींच्या २४ छबी प्रसिद्ध केल्या. जरीचे पोशाख, जड दागिने... आणि नाच? तो नाहीच! त्या काळी ओल्या काचेवर छबी उमटायला काही सेकंद लागत. पाय हलला की सारे धूसर. जिचा जन्म घुंगरांत गेला, तिने पुतळा होऊन बसायचे! फिजीतल्या ‘मेके’ नृत्याच्या जुन्या छबींचीही तीच गत. (१८७९ पासून अवधचे कितीतरी मजूर गिरमिटावर त्याच फिजीला गेले.)

कथक टिकले ते पाहून, शिकून. बिंदादीन महाराजांकडून पुतणे अच्छन महाराजांकडे, त्यांच्याकडून मुलगा बिरजू महाराजांकडे. १८५७ नंतर लखनौच्या करवह्यांत सर्वांत वरच्या श्रेणीत नावे होती ती तवायफांची. घराण्याच्या वंशावळीत त्या चोवीस जणींना जागा मिळाली नाही.