विहारातील उजेड

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्या खात्याकडे होता. त्यांच्याच नावाच्या अभ्यासिकेत परीक्षेच्या दिवसांत अंधार असावा, हे आम्हाला पटेना. म्हणून वस्तीने वर्गणी काढून 24 व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला.

बॅटरी असते 12 व्होल्टची. आमची 150 अँपिअर-अवरची. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडले की 24 व्होल्ट मिळतात, अँपिअर-अवर 150 च राहतात. धनाला धन, ऋणाला ऋण जोडले तर 12 व्होल्ट व 300 अँपिअर-अवर. तो जोड आमच्या यंत्राला चालत नाही.

एका बांधवाने घरची जुनी बॅटरी देऊ केली. पैसे वाचले असते. पण आम्ही नम्रपणे नकार दिला. नवीच्या जोडीला जुनी लावली, की जुनी आधी उतरते आणि नवीचेही आयुष्य घटवते. दोन्ही नव्या, सारख्याच घेतल्या. त्यासाठी आणखी एक महिना वर्गणी द्यावी लागली. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनीही ती दिली.

बंधू-भगिनींनो, जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तेव्हा ती हवेशीर जागी ठेवा. वंदनेच्या मेणबत्त्या-अगरबत्त्या तिच्यापासून दूर असाव्यात. पाणी डिस्टिल्डच घाला.

आता वीज गेली तरी मुलांची मान पुस्तकातून वर होत नाही. वर्गणीचा पै-पैचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहिला आहे. कुणीही यावे, पाहावे. जयभीम!