हातात काय द्यायचे?

दुकानाच्या पाटीवर, मसाल्याच्या पुडीवर किंवा क्लासच्या फ्लेक्सवर एखादे हसरे कार्टून असते. जाहिरातीच्या धंद्यात त्याला ‘मॅस्कॉट’ म्हणतात. मराठीत ‘शुभंकर’ हा शब्द आहे, पण तो क्रीडास्पर्धांपुरताच राहिला. शाळा सुटल्यावर आम्ही पवनारला घरी बसून अशी चित्रे काढून देतो. हे सांगितले की लोक आधी हसतात आणि मग भाव विचारतात.

कामाची रीत साधी आहे. गिऱ्हाईक आपल्या धंद्याची माहिती देते. आम्ही पेन्सिलीने दोन-तीन कच्ची चित्रे काढतो. त्यातले एक पसंत पडले की तेच पात्र समोरून, बाजूने, हसताना, बोट दाखवताना असे काढायचे. मग संगणकावर रेषा पक्क्या करायच्या, कारण ते व्हिजिटिंग कार्डावर नखाएवढे छापले जाईल आणि फ्लेक्सवर माणसाएवढे. अर्धे पैसे आधी घेतो, दोनदा दुरुस्ती करून देतो.

या कामातला खरा पेच ओळखीचा असतो. रस्त्याने जाणाऱ्याला चित्र एका नजरेत कळले पाहिजे, म्हणून त्यात ठळक खूण लागते. आणि आपल्या माणसांसाठी एक खूण आधीच तयार करून ठेवलेली आहे. टोपी, दाढी, डोळ्यांत सुरमा आणि सुटलेले पोट. सिनेमाने ती वापरली, पोस्टरने वापरली. आता मोबाइलवर चार शब्द टाकले की चित्र तयार मिळते. बिर्याणीवाला मागितला तर आम्हाला तिथेही हीच मूर्ती मिळाली. यंत्र तरी काय करणार, त्याला आजवर जे दाखवले तेच ते परत दाखवते.

दुःख याचे की आपण स्वतःही तेच मागतो. बिर्याणीचे दुकान चालवणारे एक चाचा आले. म्हणाले, “मास्टर, टोपी बडी रखना, दाढी थोडी लंबी. लोगों को समझना चाहिए.” चाचांना स्वतःला बेताची दाढी आहे आणि अंगाने ते काटकुळे आहेत. आम्ही म्हटले, “चाचा, आधी दुकानात येऊन बसतो, मग काढतो.” सकाळी जाऊन बसलो. चाचांनी देगेचे झाकण उचलले तेव्हा तोंड बाजूला, मनगट वाकलेले आणि बोटांभोवती फडके. वाफेचा डाग पडलेले ते मनगटच आम्ही चित्रात मध्यभागी आणले. टोपी ठेवली, कारण ती ते घालतात. पण तिच्या मापाएवढीच. चाचा बराच वेळ चित्र पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, “हाथ तो मेराच है.” तेच चित्र आज त्यांच्या पाटीवर आहे.

वर्गातही हेच दिसते. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक साधने करायला लावत. राष्ट्रीय एकात्मतेच्या तक्त्यावर चार मुले हात धरून उभी असत आणि त्यातला मुसलमान शेरवानी घालून असे. आम्ही आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना तोच विषय दिला. मुसलमानाचे चित्र काढताना बहुतेकांनी शेरवानी आणि तुर्की टोपीच काढली. शेरवानी त्यांनी लग्नातल्या नवऱ्याच्या अंगावर पाहिलेली, तुर्की टोपी तर कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी सांगितले, आता आपापल्या अब्बांचे किंवा अम्मीचे चित्र काढा. त्या दिवशी कागदांवर पाना आला, शिलाई मशीन आले, ऑटोचे हँडल आले, कापसाचे गाठोडे आले, कचेरीतली फाइल आली. एका मुलीने विचारले, “सर, अब्बा का काम छूट गया है, हाथ में क्या दूँ?” आम्हाला उत्तर सुचले नाही. तिनेच मग हात खिशात घातलेले दाखवले. त्या चित्राला आम्ही पेन्सिल लावली नाही.

माणूस हातावरून ओळखू येतो, ही गोष्ट पवनारला नवी नाही. धाम नदीकाठच्या विनोबांच्या आश्रमात जमिनीतून निघालेली जुनी शिल्पे ठेवली आहेत. जुन्या मूर्ती ओळखायच्या तर जाणकार आधी हातांकडे पाहतात. आपल्याकडची गाजलेली व्यंगपात्रे आठवून पाहा. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेले खट्याळ पोर. गट्टूची जात कोणी विचारली नाही. रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त, २००२ साली, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भोलू हत्ती केला. हिरवा दिवा हातात आला आणि हत्तीचा गार्ड झाला. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून उतरला. त्याला फेटा आणि मिशा आहेत, पण गंमत त्यांची नाही. राजा असून तो प्रवाशापुढे वाकतो, गंमत ती आहे. थट्टा वरच्याची केली तर ती खपते. खालच्याची केली तर तो त्याच्या पाठीवरचा शिक्का होतो.

आमच्या घरात आणखी एक प्रश्न निघतो, तसवीर जायज की नाजायज. जीवाचे चित्र नको म्हणणारे बुजुर्ग हदीसचा हवाला देतात. हजरत आयशा यांच्या बाहुल्यांची रिवायतही हदीसमध्येच आहे, असे दुसरे सांगतात. आम्ही आलिम नाही, हा वाद आम्ही मिटवणार नाही. एका अत्तरवाल्यांनी चेहरा नको म्हणून बजावले. आम्ही दोन बोटांत धरलेला अत्तराचा फाया काढला, त्यांचे काम झाले. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केले. त्यात गांधीजींचा नुसता चष्मा आहे आणि माणूस ओळखायला तेवढा पुरतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे जवळच, वर्ध्याला, शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. हाताचे काम शिक्षणाच्या मध्यभागी असावे, असे त्या समितीने मांडले. तीच नई तालीम. उर्दूत मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’ लिहिणाऱ्या माणसाने हे मांडावे, याचा आम्हा उर्दू शिक्षकांना अभिमान वाटतो. ती शाळा फारशी टिकली नाही. तिचे एवढे मात्र आम्ही उचलले आहे की माणसाचे चित्र काढताना आधी त्याचा हात काढायचा.

जाता जाता अशी चित्रे काढणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी कामाची एक गोष्ट. चित्र विकले म्हणजे सगळे विकले असे नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सही करून द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. म्हणून साध्या कागदावर का होईना, चित्र कशासाठी आणि किती वर्षांसाठी दिले ते लिहून घ्या. आपली छोटी सही कोपऱ्यात ठेवा.

आणि दुकानदार भावांना विनंती. पाटी रंगवायला द्याल तेव्हा “मुसलमान दिसला पाहिजे” असे सांगू नका. चित्रकाराला एक दिवस दुकानात बसवा, चहा पाजा आणि तुम्ही आपले काम करत राहा. काय काढायचे ते त्याचे त्याला दिसेल.