तुळया आणि दरवाजा

हातात पैसा मुबलक असला म्हणजे वस्तू विकत घेण्यास फारशी अक्कल लागत नाही, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. अक्कल लागते ती पैसा मोजका असताना. लग्नाचा बस्ता बांधताना, घराचा पाया घालताना, किंवा मुलाला शिक्षणासाठी परगावी ठेवताना पाठकोऱ्या कागदावर आपण जी बेरीज-वजाबाकी मांडतो, तिच्यात आपला सारा स्वभाव उमटलेला असतो. २०२५ च्या उन्हाळ्यात असाच एक पाठकोरा कागद आमच्या घरात आठ-दहा दिवस या हातातून त्या हातात फिरत होता. आमच्या कन्येने त्यावर आपल्या पहिल्यावहिल्या संगणकाचे सुटे भाग लिहिले होते. आणि तो संगणक तिला अभ्यासासाठी नव्हे, खेळण्यासाठी हवा होता, हे सांगताना मला आजही किंचित संकोच होतो.

दोष माझाच होता. ‘दहावीला चांगले गुण मिळव, मग तुझ्या मनासारखी वस्तू घेऊन देईन,’ असे मी बोलून बसलो होतो. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे घड्याळ किंवा फार तर सायकल होती. बापलोकांच्या कल्पना त्यांच्या स्वतःच्या बालपणाबरोबरच थांबलेल्या असतात, त्याला काय करावे!

आमचे गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या जलाशयाच्या काठी आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. त्यापूर्वीच आमचे मूळ गाव उठून वरच्या माळावर आले आणि मागाहून जुन्या गावठाणात पाणी शिरले. आज भोवताली ऊस आहे, केळी आहे. थंडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मी शाळेत मास्तर. शिवाय वडिलार्जित तीन एकर ऊस. उसाचे बिल बँकेत जमा झाले, सोसायटीचे कर्ज वळते झाले, आणि मी कन्येला सांगितले, “साठ हजार. त्यावर एक रुपया नाही.”

“दुकानात तयार संगणक मिळत असताना सुट्या भागांचा हा उपद्व्याप कशाला?” असे मी विचारले. तिने शांतपणे उत्तर दिले, “बाबा, तयार घेतला तर काटकसर कोठे करायची ते विकणारा ठरवतो. सुटे भाग घेतले तर आपण ठरवतो.” या उत्तरापुढे मला बोलता येईना. आमच्या घरात आजवर काटकसर पुष्कळ झाली होती. पण ती कोठे करावी हे ठरविण्याचा मान आम्हाला क्वचितच मिळाला होता.

तिची पहिली यादी मात्र तरुणपणाच्या उत्साहाने लिहिलेली होती. चित्रे रंगविणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरच तिने एकोणतीस हजार खर्ची घातले होते. ते कार्ड आरटीएक्स ४०६०. उरलेल्या रकमेत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, मॉनिटर अशी सारी मंडळी दाटीवाटीने बसविली होती. मॉनिटर सर्वांत स्वस्त, सेकंदाला साठच चित्रे दाखविणारा. आणि यादीच्या तळाशी ‘एसएमपीएस – कॅबिनेटबरोबर फुकट’ अशी एक ओळ होती.

त्या यंत्रातले मला काही कळत नव्हते. परंतु पाण्याचे थोडे कळते. “हे कार्ड सेकंदाला शंभर चित्रे काढील आणि पडदा साठच दाखवील, तर बाकीची चाळीस जातात कोठे?” ती क्षणभर गप्प राहिली आणि हसली. “वाया.” कालव्याला कितीही पाणी सोडले, तरी शेतात येते ते चारीच्या रुंदीइतकेच. आणि कालव्यालाच पाणी नसेल, तर नुसती चारी रुंद करून काय उपयोग? संगणकाचेही तसेच आहे. प्रोसेसर मंद असेल, तर उत्तम कार्ड त्याच्या तोंडाकडे पाहत बसते. दोघेही चपळ असून पडदा मठ्ठ असेल, तर त्यांची चपळाई कोणाला दिसत नाही. सगळ्यांची धाव जवळजवळ सारखी असली पाहिजे. एकाला राजा करून इतरांना उपाशी ठेवण्यात अर्थ नाही.

या गोष्टी चालल्या असताना माझे वडील, आबा, ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पोरी, ह्याला वीज कुठनं मिळती?”

तिने सांगितले, की एसएमपीएस नावाची पेटी असते. ती घरातली २३० व्होल्टची वीज घेते आणि १२, ५ व ३.३ व्होल्ट करून साऱ्या भागांना वाटते.

“आणि तीच फुकटची घेतीस?”

आबांनी विहिरीवरच्या मोटरी जळताना पाहिल्या आहेत. दाब उतरला, की मोटर कण्हत राहते आणि संध्याकाळपर्यंत तांब्याच्या तारेची राख होते. कन्या म्हणाली, “पण आबा, पेटीवर पाचशे वॉट लिहिलेले असते.” त्यावर आबा हसले. उजनीकाठच्या माणसाला आकड्यांची ही गंमत नव्याने सांगावी लागत नाही. धरणात ११७ टीएमसी पाणी मावते असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यातले ६३ टीएमसी हा मृतसाठा. उपयुक्त साठा संपला, की वर्तमानपत्रात टक्केवारी वजा चिन्हाने येऊ लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा पन्नासच्याही खाली गेली होती. पेटीवरचा आकडा आणि पेटीतून मिळणारी शक्ती यांतही असेच अंतर असू शकते, हे तिला चटकन पटले. तिने हिशेब मांडला. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरला सुमारे ६५ वॉट, रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डाला १३२, बाकीच्यांना थोडे थोडे. म्हणजे अडीचशेच्या आसपास. खात्रीची साडेपाचशे वॉटची पेटी पुरून उरणार होती.

त्याच उन्हाळ्यात, २०२४ साली, पाणी फार ओसरले तेव्हा आबांनी तिला आमच्या जुन्या घराचे जोते दाखवून आणले होते. आता त्याचा धागा धरून ते बोलू लागले. गाव उठले तेव्हा नुकसानभरपाईची रक्कम तुटपुंजी, आणि गाडीच्या खेपा ठरलेल्या. घर उतरवून नेता येईल तेवढे न्यायचे होते. आबा तेव्हा तरुण. पुढल्या दाराची नक्षीदार चौकट आणि तिचा दरवाजा न्यावा, असा त्यांचा हट्ट होता. आजोबांनी तुळया नेल्या, खांब नेले, जोत्याचे घडीव दगड नेले. दरवाजाची खेप राहून गेली.

“आजोबांचं बरोबर होतं,” आबा म्हणाले. “त्या तुळयांवर हे घर पन्नास वर्सं उभं हाय.” मग बराच वेळ अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला. “पण तो दरवाजा अजून माझ्या सपनात येतो.”

दुसरी यादी रात्रीतून तयार झाली. प्रोसेसर १०,५००, मदरबोर्ड ६,५००, आठ-आठ जीबीच्या जोडीने सोळा जीबी रॅम ३,२००, कार्ड २०,५००, पाचशे जीबीची एसएसडी ३,०००, एसएमपीएस ४,३००, समोर जाळी असलेले कॅबिनेट ३,०००, सेकंदाला शंभर चित्रे दाखविणारा मॉनिटर ८,५००. एकूण ५९,५००. कळफलक आणि माऊस आतेभावाचे जुने. यूपीएस दिवाळीला. काचेच्या कॅबिनेटाचा मोह तिने स्वतःच सोडला. आमच्याकडचे ऊन आणि धूळ यांपुढे यंत्राला वाऱ्याची वाट हवी, एवढे तिला समजले होते. रंगीत दिव्यांचे तीन पंखे तिने यादीत लिहिले होते. त्यांवर रेघ मारलेली मला दिसली. मी काही बोललो नाही. हिशेब बरोबर होता.

जेऊरहून पहाटेच्या गाडीने आम्ही पुण्यास गेलो आणि रात्री खोकी सांभाळीत परतलो. येताना तिच्या पिशवीत त्या तीन पंख्यांचाही पुडा होता. आबांनी निघताना आपल्या पेन्शनीतले अठराशे रुपये तिच्या मुठीत कोंबले होते, हे मला गाडीत कळले.

दुसऱ्या दिवशी तिने माजघरात सतरंजी अंथरून जुळणी केली. प्रोसेसरच्या पोटाखाली तेराशेहून अधिक सोनेरी पिना असतात. तो बसविताना बळ लावावयाचे नसते, कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळला की तो आपल्याच भाराने खाली उतरतो. हे ती आबांना समजावून सांगत होती आणि मी दारात उभा राहून पाहत होतो. वर्गात मी ज्या एकाग्रतेची मुलांपुढे नेहमी स्तुती करतो, ती मला माझ्याच घरात, एका खेळाच्या यंत्रापुढे बसलेली दिसली. माझा संकोच त्या दिवशी पुष्कळसा कमी झाला. पुढे भिंतीबाहेर अर्थिंगचा खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले.

त्या वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड केंद्रे साऱ्या जगातली स्मृती ओढून घेऊ लागली होती. आपण वेळेवर घेतले म्हणून कन्या खूश झाली. मी मात्र मनात म्हटले, वरच्या अंगाला मोठी धरणे भरू लागली म्हणजे खालच्याने काय करावे, हे आम्हाला कोणी शिकवावयास नको.

पण मला आठवतो तो पहिल्या रात्रीचा प्रसंग. यंत्र सुरू झाले आणि जाळीआडून निळा, जांभळा, तांबडा असा प्रकाश फिरू लागला. आबांनी खोलीतला दिवा मालवावयास सांगितले. त्या उजेडात ते बराच वेळ पाहत बसले आणि मग म्हणाले, “ह्या दिव्यांचा खेळाला काही उपयोग व्हतो?”

“नाही, आबा. काहीच नाही.”

“मग घेतले ते बरं केलं,” आबा म्हणाले.